राख, धग आणि कोळसा : भाताच्या राबाची गोष्ट

मे महिन्याच्या सुरुवातीला मुरबाड, जव्हार, कर्जत किंवा महाडच्या बाजूला गेलात, तर वाळक्या भातखाचरांच्या मधोमध काळे चौकोन दिसतात. बाकी शेत जसंच्या तसं पिवळं, आणि एका कोपऱ्यात घोंगडी अंथरल्यासारखा जळका तुकडा. शहरातून आलेल्याला वाटतं, वणवा लागून गेला असावा. पण वणवा असा बांधापाशी येऊन शहाण्यासारखा थांबत नाही. तो राब आहे. काही गावांत त्याला भाजावळ म्हणतात, काही ठिकाणी नुसतं ‘दाढ भाजली’ म्हणतात. पाऊस आला की भाताचं बी या काळ्या तुकड्यातच रुजतं, आणि तीन-चार आठवड्यांनी तिथली रोपं उपटून बाकीच्या खाचरांत लावतात.

गेल्या पंधरा-वीस वर्षांत शेतीच्या चर्चेत ‘बायोचार’ हा शब्द सारखा ऐकू येतो. लाकूड, तूस, पेंढा असा माल कमी हवेत तापवून केलेला कोळसा, जो चुलीत घालायचा नसतो, मातीत मिसळायचा असतो. त्यावरचे व्हिडिओ पाहिलेत तर गोष्ट बहुतेक वेळा ॲमेझॉनच्या जंगलापासून सुरू होते आणि थेट हवामानबदलाच्या उपायापर्यंत पोचते. मध्ये राब लागत नाही. लागलाच तर ‘जुनी, प्रदूषण करणारी पद्धत’ म्हणून.

राब आणि बायोचार एक नव्हेत, हे आधीच सांगायला हवं. पण भातशेतीत आग, राख आणि कोळसा यांचं नेमकं काय काम असतं, हा प्रश्न आपल्याकडे सव्वाशे वर्षांपूर्वी चांगलाच पेटला होता. त्यावर चौकशी आयोग बसला, प्रयोग झाले, रसायनशास्त्रज्ञांनी शोधनिबंध लिहिला. आज बायोचारची चर्चा करताना त्या भांडणातली एक साधी गोष्ट आपण विसरून बसलोय, असं मला वाटतं.

राब म्हणजे नुसती आग लावणं नव्हे. दिवाळी उरकली, भात घरात आलं, की टहाळ तोडायला सुरुवात होते. ऐनाचा टहाळ सगळ्यांत आवडता, किंजळही चालतो. कोयत्याने फांद्या छाटायच्या, वाळू द्यायच्या, मग भारे बांधून डोक्यावरून शेतात आणायचे. दाढीसाठी निवडलेल्या तुकड्यावर आधी शेणाचा थर, त्यावर टहाळ, त्यावर पालापाचोळा आणि गवत, आणि सगळ्यांत वर ढेकळं फोडून केलेली बारीक माती.

हा मातीचा पातळ थर म्हणजे सगळी कलाकुसर. तो नसेल तर गवत भडकन पेटून जाईल, राख वाऱ्यावर उडेल आणि खालची जमीन जेमतेम कोमट होईल. मातीखाली आग दबकी राहते, धुमसते. पेटवतातही वाऱ्याच्या उलट बाजूने, म्हणजे आग वाऱ्याला तोंड देत सावकाश मागे सरकते. मृगाच्या आसपास, ती राख उडून किंवा वाहून जायच्या आत, बी पेरून वरवर मातीआड करतात.

एवढा खटाटोप कशासाठी, असं विचारलं तर शेतकऱ्याची उत्तरं ठरलेली. एक, तणाचं बी जळून जातं. दोन, रोप गर्द हिरवं आणि जोमदार येतं. तीन, जमीन भुसभुशीत होते, त्यामुळे लावणीच्या वेळी रोप अलगद उपटतं, मुळं तुटत नाहीत. हे तिसरं कारण कागदावर किरकोळ वाटतं. पण भर पावसात, चिखलात वाकून दिवसभर मूठमूठ रोप उपटणाऱ्या बाईला विचारा. घट्ट जमिनीतलं रोप ओढताना बोटं सोलवटतात, मुळं खाली राहतात, आणि असं मुळं तुटलेलं रोप लावल्यावर आठवडाभर पिवळं पडून बसतं.

आणि आता ती साधी गोष्ट. राब सगळ्या शेताचा करत नाहीत. दहा गुंठे भात लावायचं असेल तर साधारण एका गुंठ्याची दाढ. म्हणजे डोंगरावरून आणलेला सगळा टहाळ, गोठ्यातलं शेण, सगळी धग, सगळी राख शेताच्या दहाव्या हिश्श्यावर ओतली जाते. कोकणातली जांभ्यावरची माती अडीच-तीन हजार मिलिमीटर पावसात दरवर्षी धुऊन निघते. कॅल्शियम, पोटॅश टिकत नाही, माती आम्लधर्मी होते. अशी सगळी जमीन सुधारायला लागणारा माल कुणाकडेच नव्हता. मग जिथे रोप सगळ्यांत कोवळं असतं, तेवढीच जागा सुधारायची. हा हिशोब नीट लक्षात ठेवा, पुढे तो लागणार आहे.

पण एका गुंठ्यापुरता का होईना, टहाळ यायचा कुठून?

ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत भाताच्या जमिनीला जोडून वरकस जमीन असायची. उताराची, हलकी जमीन. तिथे काही वर्षं नाचणी, वरी घ्यायची आणि मग पडीक ठेवून गवत-झाडं वाढू द्यायची. टहाळ आणि गवत यायचं ते या वरकसातून आणि आसपासच्या जंगलातून. थोडक्यात, खालचं भात वरच्या डोंगरावर जगत होतं. डोंगरातला कस फांदीफांदीने खाली उतरत होता.

याच डोंगरांवर १८५० नंतर दुसरं गिऱ्हाईक आलं. १८५३ साली मुंबई-ठाणे रेल्वे धावली, पाठोपाठ ती घाट चढली. मुंबई झपाट्याने वाढू लागली, आणि त्या शहराच्या चुलींना सरपण आणि लोणारी कोळसा हवा होता, रेल्वेला स्लीपर हवे होते, बांधकामाला लाकूड हवं होतं. जंगल हे उत्पन्नाचं साधन आहे हे सरकारच्या ध्यानात यायला वेळ लागला नाही. १८७८च्या जंगल कायद्याने राखीव आणि संरक्षित अशी वर्गवारी झाली. कायद्याची खरी चलाखी शब्दांत होती. पिढ्यान्पिढ्या चालत आलेली गोष्ट ‘हक्क’ की सरकारने दिलेली ‘सवलत’? हक्क काढून घेतला तर भरपाई द्यावी लागते, सवलत मागे घेता येते. राबाचा टहाळ बघता बघता सवलतीच्या रकान्यात जाऊन बसला.

जंगल खात्याच्या अधिकाऱ्यांचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. वर्षानुवर्षं टहाळ तोडलेलं ऐनाचं झाड ज्यांनी पाहिलंय त्यांना माहीत असेल : फांद्या नसलेला सरळसोट खांब आणि डोक्यावर पानांचा झुपका. अशी झाडं वाढत नाहीत, त्यांना बी धरत नाही, त्यांच्याखाली जंगल उभं राहत नाही. त्यांच्या दृष्टीने राब म्हणजे चांगल्या लाकडाची नासाडी आणि शेतकरी म्हणजे आळशी, कारण खत कुजवायच्या ऐवजी तो ते जाळतो. या दुसऱ्या आरोपात मात्र खोट होती. फेब्रुवारी-मार्चच्या उन्हात डोंगर चढून टहाळाचे भारे डोक्यावरून आणणाऱ्याला आळशी म्हणायला फार लांबून बघावं लागतं.

ठाणे जिल्ह्यात असंतोष इतका वाढला की १८८५ साली मुंबई सरकारला जंगल आयोग नेमावा लागला. १८८७ साली त्याचा जाडजूड अहवाल आला. त्या काळच्या मुंबई इलाख्यात शेतकऱ्याच्या टहाळावरून सरकारी आयोग बसतो, ही गोष्टच पुरेशी बोलकी आहे.

भांडण एका प्रश्नापाशी येऊन अडकलं होतं : राब खरंच लागतो का? लागत नसेल तर बंद करा. लागत असेल तर टहाळ द्या. शेती खात्याचे संचालक ई. सी. ओझॅन यांनी हा प्रश्न खाचरात नेला. १८८०च्या दशकात लोणावळ्याला त्यांनी राब केलेले आणि न केलेले वाफे शेजारीशेजारी ठेवून रोपांची तुलना केली. राबाची रोपं सरस निघाली. जंगल खात्याला हवं असलेलं उत्तर हे नव्हतं.

१८८९ ते १८९१ या काळात जॉन ऑगस्टस व्होल्कर हे इंग्लंडच्या रॉयल ॲग्रिकल्चरल सोसायटीचे रसायनतज्ज्ञ हिंदुस्थानभर फिरले. १८९३ साली छापलेल्या त्यांच्या अहवालात राबाची चर्चा आहे. याच अहवालात त्यांनी असंही मत दिलं की इथला रयत सरासरी इंग्रज शेतकऱ्यापेक्षा कमी नाही, काही बाबतींत सरसच आहे. कमतरता आहे ती साधनांची. व्होल्करांचं सगळ्यांत लाडकं म्हणणं असं, की लोकांना जळाऊ लाकूड मिळवून द्या, म्हणजे शेण चुलीत न जाता शेतात जाईल. आता गंमत बघा : कोकणातला शेतकरी शेण शेतातच नेत होता, पण तिथे नेऊन जाळत होता! रसायनतज्ज्ञाला हे फारच टोचणारं. शेण जाळलं की त्यातला नायट्रोजन धुरातून उडून जातो, उरते ती पोटॅश, चुना, स्फुरदाची राख. मग नायट्रोजन गमावलेल्या वाफ्यातलं रोप इतकं गर्द हिरवं कसं?

या कोड्याचं उत्तर शोधलं पुण्यात. हॅरॉल्ड मॅन हे तेव्हा पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्राचार्य होते. पुढे १९१७ साली त्यांनी पिंपळे सौदागर या गावाच्या पाहणीवर पुस्तक लिहिलं. हो, तेच पिंपळे सौदागर, जिथे आज आयटीवाल्यांचे टॉवर उभे आहेत. तर या मॅनसाहेबांनी एन. व्ही. जोशी आणि एन. व्ही. कानिटकर यांच्यासोबत १९१२ साली राबावर एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. राबातून जमिनीला काय मिळतं, राख की धग, हे वेगवेगळं करून पाहायचा त्यात प्रयत्न होता.

त्यांच्या निष्कर्षाचं वजन धगीच्या बाजूला पडलं. राखेचा उपयोग आहेच, पण माती तापणं हे मोठं कारण. नेमक्या त्याच सुमाराला, १९०९ साली, इंग्लंडमधल्या रॉथमस्टेड इथे रसेल आणि हचिन्सन यांनी दाखवलं होतं की माती थोडी तापवली की तिच्यातल्या सूक्ष्मजीवांचं गणित बदलतं आणि पिकाला घेता येईल असा नायट्रोजन मोकळा होतो. शेणातला नायट्रोजन धुरात गेला तरी खालच्या मातीत अडकून पडलेला नायट्रोजन धगीने सुटतो. रोप हिरवं दिसतं ते त्यामुळे. म्हणजे मातीचा तो पातळ थर, ती दबकी आग, वाऱ्याच्या उलट पेटवणं, हे सगळं धग खाली मुरवण्यासाठी होतं. प्रयोगशाळेत मांडायच्या कितीतरी आधी ते कोयता-पावड्याने बसवलेलं होतं.

अर्थात यातून दुसरी बाजूही निघते, आणि राबाच्या प्रेमात पडलेल्यांना ती आवडत नाही. धगीचा फायदा एका हंगामाचा असतो. मातीत होतं तेच मोकळं केलं, नवीन काही घातलं नाही. पुढच्या वर्षी पुन्हा टहाळ, पुन्हा भाजणी. राखेचंही तेच, पहिल्या मोठ्या पावसात पोटॅश वाहून जायला लागतं. टिकतो तो फक्त तिसरा पदार्थ : मातीखाली हवा कमी पडली म्हणून पुरता न जळालेला, काळा राहिलेला कोळशाचा चुरा. राबात तो फार थोडा उरतो. उघड्यावर जाळल्यावर वनस्पतीतल्या कार्बनपैकी जेमतेम तीन टक्के कोळशाच्या रूपात मागे राहतो, तर बंद भट्टीत साधारण निम्मा, असा अंदाज जोहानेस लेहमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ साली मांडला. राब आणि बायोचार यांच्यातलं अंतर या दोन आकड्यांत आहे.

आग आणि भात यांचा मेळ दुसऱ्याही एका देशाने घातला होता, पण त्याने कोळशाची वाट धरली. जपानमध्ये मियाझाकी यासुसादा यांचं ‘नोग्यो झेन्शो’ हे शेतीचं मोठं पुस्तक १६९७ साली छापलं गेलं. केरकचरा, काडीकचरा भाजून त्यात मैला मुरवून केलेल्या खताची शिफारस त्यात आहे. त्याच परंपरेत ‘कुन्तान’ येतो, म्हणजे भाताच्या तुसाचा कोळसा. त्याची कृती अगदी घरगुती आहे. भोकं पाडलेल्या पत्र्याच्या नळकांड्यात विस्तव करायचा आणि त्याभोवती तुसाचा ढीग रचायचा. आतून बाहेर ढीग हळूहळू काळा होत येतो, ज्वाळा कुठेच नाही. सगळा ढीग काळा झाला, की राखाडी व्हायच्या आत पाणी मारून विझवायचा. आणि हा कोळसा मुख्यतः कुठे वापरायचा? रोपवाटिकेत! दोन देशांतल्या शेतकऱ्यांची एकमेकांशी गाठभेट नाही, पण जागा तीच निवडली.

जपान सरकारने १९८४ साली जमिनीचा कस वाढवण्यासाठी कायदा केला, त्याखाली कोळशाला माती सुधारण्याचं साहित्य म्हणून रीतसर मान्यता आहे. ‘बायोचार’ हा शब्द जगभर होण्याच्या आधीची ही गोष्ट.

मग ॲमेझॉन? तिथली ‘तेरा प्रेता’, म्हणजे काळी माती, खरोखरच अचंबित करणारी आहे. आपल्या जांभ्यासारखीच पावसाने धुतलेली, लाल-पिवळी, निकस जमीन, आणि तिच्यात मध्येच काळ्याभोर, सुपीक मातीचे तुकडे. शेकडो, कुठे हजारो वर्षांपूर्वीच्या वस्त्यांच्या जागी. डच मृदाशास्त्रज्ञ विम सोम्ब्रूक यांच्या १९६६ च्या पुस्तकाने तिच्याकडे जगाचं लक्ष वेधलं. पण त्या मातीत नुसता कोळसा नाही. माशांचे काटे, हाडं, खापऱ्या, चुलीची राख, माणसांचा सगळा उकिरडा पिढ्यान्पिढ्या त्यात पडलेला आहे. आणि ती पाण्याने भरलेली भातखाचरं नव्हेत. ‘कोळसा घाला, माती काळी होईल’ एवढंच त्यातून उचललं, की फसगत होते.

भातावर प्रत्यक्ष प्रयोग झाले तेव्हा हे दिसलंच. उत्तर लाओसमध्ये डोंगरउतारावरच्या भातात हेक्टरी ४ ते १६ टन कोळसा घालून पाहिला, त्याचे निष्कर्ष २००९ साली आले. जिथे स्फुरद कमी होतं तिथे उत्पन्न वाढलं, मातीत पाणी चांगलं मुरू लागलं. पण जिथे नायट्रोजनची मारामार होती आणि वरून खत दिलं नाही, तिथे पानांचा हिरवेपणा कमी झाला. कोळसा उपाशी असतो, आधी स्वतःच नायट्रोजन धरून ठेवतो. मियाझाकींनी त्यात मैला मुरवायला का सांगितलं, ते इथे कळतं. २०११ साली फिलिपिन्सच्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी तुसाच्या कोळशाचे प्रयोग प्रसिद्ध केले : थायलंडमधल्या उबोनच्या निकस जमिनीत उत्पन्न १६ ते ३५ टक्क्यांनी वाढलं, संस्थेच्या स्वतःच्या सुपीक खाचरांत वाढ नाही. कस नसलेल्या जमिनीला कोळसा आधार देतो, कसदार जमिनीला त्याची फारशी गरज नसते. शिवाय खाचरात पाणी भरून राहिलं की आम्लधर्मी मातीचा सामू आपसूकच सातच्या दिशेने सरकतो. म्हणजे कोळशाने आम्लता कमी होते हा फायदा भरलेल्या खाचरात तितकासा उरत नाही. उरतो तो दाढीत, कारण दाढ पुष्कळदा पाणी न साठवता, उंचवट्यावर टाकलेली असते.

पुन्हा दाढच. आणि आता आपल्या घरची गोष्ट.

डॉ. नारायण सावंत हे नाव कोकणातल्या भातउत्पादकांच्या ओळखीचं आहे. युरिया-डीएपीच्या गोळ्या खोचणारी ‘चारसूत्री’ भातशेती त्यांचीच. चार सूत्रांपैकी चौथं, म्हणजे त्या गोळ्या, सगळ्यांच्या लक्षात राहिल्या. सरकारी योजनांनीही त्याच उचलल्या, कारण गोळ्या विकत घेता येतात, वाटता येतात, त्यांचे फोटो निघतात. पहिलं सूत्र मात्र मागे पडलं. ते असं : भाताचं जे उरतं ते भातालाच परत द्या. पेंढा खाचरात, आणि तुसाची काळी राख रोपवाटिकेत, दर चौरस मीटरला अर्धा ते एक किलो, गादीवाफ्याच्या मातीत मिसळून.

‘काळी राख’ या शब्दांवर थांबा. पांढरी नव्हे, राखाडी नव्हे, काळी. म्हणजे अर्धवट जळलेलं, कार्बन शिल्लक असलेलं तूस. म्हणजे जपानी कुन्तान, आणि आजच्या भाषेत बायोचारच. सावंतांना त्यातून मुख्यतः सिलिका हवी होती. तुसाच्या राखेत बहुतांश सिलिकाच असते. मंद आगीत काळ्या झालेल्या तुसातली सिलिका रोपाला घेता येते, खूप तापवून पांढरी केली की तिचे स्फटिक होतात आणि ती फारशी विरघळत नाही. सिलिका घेतलेल्या भाताची पानं ताठ उभी राहतात, करपा कमी येतो, खोडकिड्याला खोड पोखरणं जड जातं. भातातल्या सिलिकाबद्दल सावंतांनी दोन सहकाऱ्यांसोबत १९९७ साली लिहिलेला लेख जगभर वाचला गेला. दुसरं सूत्र गिरिपुष्पाचं. हे झाड बांधावर लावायचं आणि त्याचा कोवळा पाला खाचरात गाडायचा. टहाळ हवाच, पण तो फॉरेस्टमधून नको, स्वतःच्या बांधावरून घ्या. १८८५च्या भांडणाला हे शंभर वर्षांनी दिलेलं उत्तर आहे असं मी वाचतो.

आता तो लक्षात ठेवायला सांगितलेला हिशोब. दहा गुंठे भात, एक गुंठा दाढ. एक गुंठा म्हणजे साधारण शंभर चौरस मीटर. सावंतांच्या मापाने काळी राख लागेल ५० ते १०० किलो. दहा गुंठ्यांत भात पिकलं, समजा, तीन क्विंटल. त्यात तूस असतं पाचवा हिस्सा, म्हणजे ६० किलो. त्याची काळी राख होईल तिसरा हिस्सा धरून २० किलो. म्हणजे स्वतःच्या शेतातलं सगळं तूस जाळलं तरी स्वतःच्या दाढीलासुद्धा पुरत नाही. बाकीचं गिरणीवरून आणावं लागणार.

आणि हाच कोळसा सगळ्या शेतात घालायचा म्हटलं तर? लाओसमधल्या प्रयोगातला सगळ्यांत कमी डोस घेतला, हेक्टरी चार टन, तरी दहा गुंठ्यांना चारशे किलो होतो. म्हणजे त्याच शेताचं वीस वर्षांचं तूस. हेक्टरी टनांमध्ये बोलणाऱ्या बायोचारच्या कागदांवर हा हिशोब क्वचितच असतो. टहाळ तोडणाऱ्या शेतकऱ्याच्या डोक्यात तो पक्का होता, म्हणून तो शेताच्या दहाव्या हिश्श्यावर थांबत होता. राब बंद करा म्हणणाऱ्यांनी आग पाहिली, राबाची थोरवी गाणाऱ्यांनी राख पाहिली, पण आग किती जागेवर लावायची याचं जे माप होतं ते दोघांनीही फारसं पाहिलं नाही.

गिरणीवरून तूस आणायचं हेही वाटतं तितकं सोपं नाही. पूर्वी गावच्या हलरमध्ये तूस आणि कोंडा एकत्र यायचा, तो गुरांना जायचा. आता मोठ्या गिरण्यांत तूस वेगळं निघतं आणि विकलं जातं. ठाणे-रायगडात ते वीटभट्ट्यांना जातं. भट्टीवाला रोकड देतो. एका गुंठ्याच्या दाढीसाठी दोन-चार पोती मागणाऱ्याला गिरणीवाला भाव देईलच असं नाही.

आणि त्या वीटभट्ट्यांवर काम कोण करतं? बऱ्याच ठिकाणी कातकरी कुटुंबं. दिवाळीनंतर उचल घेऊन गाव सोडायचं आणि पावसाच्या तोंडावर परत यायचं, असं वर्ष. खैराच्या लाकडापासून कात काढणारे म्हणून कातकरी हे नाव. जंगल कायद्यांनी तो धंदा आटत गेला, तशी यातली कितीतरी माणसं कोळशाच्या भट्ट्यांवर गेली. राज्यभर लांबलांबच्या भट्ट्यांवर, उचलीच्या कर्जात अडकून, घरदार घेऊन. बायोचारवर कार्बन क्रेडिट मिळतं, त्यात परदेशी कंपन्यांचा पैसा येतो, याची चर्चा आता सुरू झाली आहे. त्यात कोळसा पाडण्याचं कौशल्य ‘प्रशिक्षण’ देऊन शिकवायची गोष्ट म्हणून येतं. कोकणाच्या डोंगरात ते कौशल्य हातात असलेली माणसं आजही आहेत. किती उष्णतामान झालं हे त्यांना यंत्राने मोजावं लागत नाही, धुरावरून कळतं. धूर दाट पांढरा आहे तोवर लाकडातलं पाणी जातंय. तो विरळ, निळसर झाला की कोळसा पडला, भोकं मातीने लिंपून टाकायची.